विषय सातवा : नाल्याकाठची झाडी

नगरपालिकेची सभा कशी भरते हे ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांनी ते न पाहिलेलंच बरं. मी ती नोकरीभर पाहिली. सोलापूरहून अक्कलकोटच्या अंगाला एस्टीनं निघालं की आमचं गाव लागतं. नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, बाकीच्यांचं काही अडत नाही. त्या गावच्या नगरपालिकेत मी सभालिपिक होतो. म्हणजे सभेची सूचना काढायची, विषयपत्रिका तयार करायची, ती सभासदांच्या घरी पोचवायची, सभेत खाली मान घालून लिहीत बसायचं आणि कोण कोणाला काय बोललं ते गाळून जे उरेल ते इतिवृत्त म्हणून पुढच्या सभेत वाचून दाखवायचं. संपादकांनी ‘काही गमतीदार अनुभव लिहा’ असं कळवलं आहे. गमती पुष्कळ झाल्या. पण गमतींनीसुद्धा माणूस थकतो, हे संपादकांना त्यांच्या वयात कळायचं नाही.

सभासदांच्या घरी सूचना पोचवणं हे खरं शिपायाचं काम. आमचा शिपाई बहुतेक वेळ अध्यक्षांच्या आडत दुकानात पोती मोजत असे, म्हणून सायकल मलाच हाणावी लागे. नियम असा, की सूचना सभासदाच्या हातात द्यायची, तो नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाची सही किंवा अंगठा घ्यायचा. कुणीच घेईना तर खळ लावून दाराला चिकटवायची आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष घ्यायची. यातलं काही राहिलं की सभाच बेकायदा ठरते. हे सभासदांना पक्कं ठाऊक. विषय गैरसोयीचा असला की ते घरात दडून बसत आणि बायकोला दारात पाठवत. ‘हे शेताला गेल्यात,’ म्हणून ती माउली सांगत असताना आतून तपकिरीची शिंक ऐकू यायची. आम्ही दोघंही ती ऐकली नाही असं दाखवायचो. बायकांना असं खोटं बोलायला त्यांच्या नवऱ्यांनीच शिकवलं होतं. पुढं ते कुणावर उलटलं, तेच सांगायला बसलोय.

सभेत जत्रेचा विषय निघाला की दिवस गेलाच म्हणून समजा. तमाशाचा तंबू ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं, पालखीपुढं पहिली हलगी कोणत्या गल्लीची, कर्णे किती, यावर माणसं घसा बसेपर्यंत भांडत. त्याच सभेत, नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात, बागेतलं कारंजं मात्र एका दमात मंजूर झालं होतं. मी सगळ्याला मिळून एकच वाक्य लिहायचो : ‘विषयावर चर्चा झाली.’ माझ्या नोकरीला खरं तारलं ते या वाक्यानं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता आणि सरकारकडून क्रीडांगणासाठी अनुदान येणार अशी बातमी आली. आमचे तात्या नावाचे सभासद त्या बातमीनं हरखून गेले. तात्यांची गुळाची दुकानदारी, पण जीव तालमीत. तरुणपणी त्यांनी जत्रेची मानाची कुस्ती मारली होती. दोन्ही कान चेचून भज्यासारखे झालेले. गावात कुस्त्यांचं चांगलं मैदान व्हावं, हा एकच ध्यास घेऊन ते दर निवडणुकीला उभे राहात आणि दरवेळी निवडून येत. माणूस चांगला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं वाचताना विसरायला होईल.

विषयपत्रिकेवर सातवा विषय आला : ‘नाल्याकाठची झाडी तोडून कुस्ती मैदान तयार करणे.’

तात्या उभे राहिले. “अध्यक्षसाहेब, आजवर आपल्या जत्रंत पैलवान खळ्यात लढले. विजापूरचं, कोल्हापूरचं पैलवान येत्यात आन् आमी त्यास्नी काय दावतो, तर खळं! लाज वाटती मला. नाल्याकाठची जागा फुकट पडून हाय. नुसत्या येड्या बाभळी. त्या काढा, जमीन सपाट करा, चारी बाजूनं बसायला पायऱ्या करा. पंचक्रोशी बघत ऱ्हाईल.”

बाकं वाजली. अध्यक्ष मल्लिनाथ आप्पा ‘मंजूर’ म्हणायला तोंड उघडतात तोच दाराजवळच्या खुर्चीवरून आवाज आला.

“ते नको.”

आम्ही सगळेच चमकलो. ती खुर्ची नागूअक्कांची. बायकांच्या राखीव जागेवरून आलेल्या त्या एकट्या. घरची तेलाची घाणी, घरात कानडी, बाजारात मराठी. सभेला यायच्या, सही करायच्या, चहाचे पेले आत यायच्या आधी निघून जायच्या. त्यांचा आवाज सभागृहानं तोवर ऐकलेला नव्हता.

“काय नको, अक्का?” आप्पांनी विचारलं.

“ती झाडी तोडू नका. मैदान दुसरीकडं कुटं बी करा.”

“का पण?” तात्या दुखावल्या आवाजात म्हणाले.

“बायकांची अडचण हुईल.”

ट्रक आणि टांगे चालवणारे बाबूभाई समोरचा पेला उचलून पाणी प्यायला लागले. कुणी छताकडं पाहिलं, कुणी विषयपत्रिका उलटी करून तिची पाठ वाचायला घेतली. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “मग बायकांनी बी यावं की कुस्त्या बघाय!” सगळे सुटल्यासारखे हसले.

आप्पा हसले नाहीत, पण त्यांची मान वर होईना. “अक्का, सविस्तर कारण द्या. कारणाबगर उपसूचना घेता येत न्हाय. नियम हाय.”

“कारण तुमाला म्हाइती हाय, आप्पा. हितं बसलेल्या समद्यास्नी म्हाइती हाय.”

“व्हय, पन सभेत बोलून दावा की.”

अक्का उभ्या होत्या. त्यांनी पदर कपाळावर ओढला आणि त्या खाली बसल्या. अनुमोदन कुणी दिलं नाही. झाडी तोडायला तत्त्वतः मंजुरी मिळाली, अंतिम मंजुरी पुढच्या सभेत. मी लिहिलं, विषयावर चर्चा झाली.

आता ही झाडी म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकाला मीच सांगायला हवं, कारण सभेत ते कुणीच सांगितलं नाही. गावात संडास असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी, तीही टोपलीच्या संडासाची. बाकी सगळं गाव उघड्यावर. पुरुषांना सगळं रान मोकळं. बायकांना ही नाल्याकाठची झाडी. पहाटे उजाडायच्या आत आणि संध्याकाळी दिवेलागणीला त्या डबे-तांबे घेऊन तिकडं जात. पुरुषानं त्या बाजूला फिरकायचं नाही, त्या दिशेला पाहायचंसुद्धा नाही, हा आमच्या गावचा रिवाज. चुकून एखादं जनावर तिकडं गेलं तर गुराखी बाहेर थांबून हाका मारी, आत शिरत नसे. त्या रिवाजाचा आम्हा पुरुषांना मोठा अभिमान होता. आणि ज्या सभ्यपणानं आम्ही तिकडं पाहात नव्हतो, त्याच सभ्यपणानं सभेत त्याचं नाव काढत नव्हतो. जी गोष्ट बोलता येत नाही तिला सभेत अनुमोदन कोण देणार?

घरी आलो तर आमच्या मंडळींना, म्हणजे इंदूला, सगळं आधीच कळलेलं. “अक्कांना हसलात म्हणे,” ती म्हणाली.

“मी नाही हसलो. पण तुला कुणी सांगितलं?”

“भेटतो की आम्ही सगळ्या. दोन वेळा.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आमची सभा भरते महिन्या-दोन महिन्यांनी, तीही ओढूनताणून. यांची रोज भरते आणि गणपूर्तीची अडचण कधी येत नाही.

पुढच्या सभेच्या सूचना घेऊन निघालो. पहिलं घर तात्यांचं. त्यांची बायको, म्हणजे गावाच्या काकी, दारात आल्या. “ते घरात न्हाईत.”

आतून तात्या ओरडले, “अगं, हाय की मी!”

“न्हाईत म्हणते ना,” असं म्हणून काकींनी दार लावून घेतलं.

बाबूभाईंच्या दारात पडद्याआडून उत्तर आलं, “घर में नै हैं. कब आते, मालूम नै.” बाबूभाई ओट्यावर माझ्या शेजारीच बसले होते. ते माझ्याकडं बघून म्हणाले, “सुन्या ना माने? मैं घर में नै हूँ.” त्यांना हवंच होतं ते. एकेका घरी हाच प्रकार. शेवटी खळीचा डबा काढला, सूचना दारांना चिकटवल्या. साक्षीला दुपारच्या वेळी गल्लीत बायकाच. त्या म्हणाल्या, “आमी काय बगितलं न्हाय, भाऊ.” समोर चिकटवलेला कागद बघत म्हणाल्या. दुसऱ्या सकाळी गल्लीभर दारं धुऊन निघाली, कागदासकट.

बाजारातून दोन पुरुष साक्षीला धरून आणता आले असते. नाही आणले. उन्हाचा कंटाळा होता असं मी त्या वेळी मनाशी म्हणालो.

सभेला एकटे तात्या आले. पोहोच न झालेल्या सूचनेवर विसंबून बाकीचे घरी बसले होते. घरात रोज काय ऐकावं लागत होतं, ते त्यांनाच माहीत. तात्या मैदानाचा नकाशा मांडीवर घेऊन रिकाम्या सभागृहात बराच वेळ बसले. “माने,” ते म्हणाले, “मी काय वाईट मागतोय का?” मी तहकुबीचा कागद लिहायला घेतला.

गणपूर्तीअभावी सभा पुन्हा एकदा तहकूब झाली, तेव्हा आप्पा मला आणि तात्यांना घेऊन अक्कांच्या घाणीवर गेले. बैल फिरत होता, तेलाचा वास भरून राहिला होता. आप्पा कानडीतून बोलायला लागले, कारण जे मराठी सभेत तोंडातून निघत नव्हतं ते आईच्या भाषेत निघालं. ठरलं असं, की आधी बायकांसाठी संडास बांधायचे, दाराचे, पाण्याच्या टाकीसकट; ते सुरू झाले की मग झाडी तोडायची.

“मात कोडरी, आप्पा,” अक्का म्हणाल्या. शब्द द्या.

आप्पांनी दिला. तात्यांनी तर तेलकट जमिनीला हात लावून दिला.

त्यानंतरच्या सभेच्या सूचना मी एका दुपारात वाटल्या. सगळ्या बायकांनी अंगठे उठवले. ठराव एकमतानं झाला. अक्कांनी पहिल्यांदाच चहा घेतला. माझ्या आयुष्यात मी लिहिलेल्या ठरावांपैकी तेवढा एक मला आपला वाटला.

मग कामाला लागलं ते सरकार. संडासांचा आराखडा सोलापूरला तांत्रिक मंजुरीला गेला. जागेचा नकाशा जोडा म्हणून परत आला. नकाशा जोडला, तर जमिनीच्या हद्दीचा दाखला जोडा म्हणून परत आला. झाडी तोडायला मात्र कुणाची मंजुरी लागत नाही, कुऱ्हाड लागते. जत्रा तोंडावर आली. पैलवानांना आवतणं गेली होती, त्यात नव्या मैदानाचा उल्लेख होता. तातडीच्या कामांचे अधिकार अध्यक्षांना असतात. आप्पांनी ते वापरले. “जत्रा काय थांबती का, माने? संडास हुतीलच की मागनं.” तात्या मान खाली घालून उभे होते. त्यांनी ‘नको’ म्हटलं असतं तर थांबलं असतं.

बाभळी वीटभट्टीला गेल्या. इतकी वर्षं जिकडं आम्ही पाहात नव्हतो, तिथं पाहण्यासारखं काही उरलंच नाही. सपाट, लालसर, उघडी जमीन.

अक्का कचेरीत आल्या, माझ्यासमोर बसल्या. “माने, ठरावात आधी काय हुतं?”

“संडास, अक्का.”

“मग?”

मी तातडीच्या कामाचा नियम समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकला. “असं व्हय,” म्हणाल्या आणि गेल्या. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बायका आता सडकेच्या कडेला जाऊ लागल्या. दुसरा आडोसाच नव्हता. सडकेवरून ट्रक जातो, एस्टी जाते. लांबून दिवे दिसले की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, पाठ करून. दिवे गेले की बसायचं. पुन्हा दिवे आले की उठायचं. सोलापूरहून संध्याकाळच्या गाडीनं येताना मी ती उभी रांग पाहिली आहे. गाडीतले सगळे पुरुष अशा वेळी खिडकीतून दुसरीकडं पाहात. रिवाज आम्ही सोडला नव्हता. इंदूनं दुपारनंतर पाणी पिणं बंद केलं. मला ते बरेच दिवस कळलं नाही. तिचे ओठ सुकलेले दिसायचे. मी म्हणायचो, ऊन फार आहे यंदा.

जत्रा आली. मैदान झालं होतं मात्र देखणं. तात्यांनी आखाड्याची माती स्वतः चाळली होती. तिच्यात ताक, हळद, तेल घालून ती मुरवली होती. पायऱ्यांवर माणूस मावत नव्हता. कोण कुणाशी लढलं, कोण जिंकलं, हे टिपायला टेबलावर मी. तात्या फेटा बांधून कर्ण्यावर होते. एवढा सुखी माणूस मी फारसा पाहिला नाही.

मानाची कुस्ती शेवटी लागली. विजापूरकडचा उंच पैलवान आणि आमच्याच गावचा एक. दोघंही तोडीस तोड. कुणीच चीत होईना. हलग्या घुमत होत्या. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या, दिवे लागायची वेळ झाली तरी कुस्ती निकाली निघेना. एकही माणूस जागचा हलत नव्हता.

तेव्हा त्या आल्या.

विणकर गल्लीच्या बाजूनं, एकीमागं एक. डोक्यावर पदर, हातात डबा, तांबा. पुढं नागूअक्का. आखाड्याच्या कडेला जिथं पायऱ्या संपतात तिथं येऊन त्या उभ्या राहिल्या. बोलल्या नाहीत, पुढं सरकल्या नाहीत. रोजच्या वेळेला आपल्या जुन्या जागी आल्या होत्या आणि जागा रिकामी व्हायची वाट पाहात होत्या, एवढंच. तेलुगू विणकरांच्या बायका होत्या, बुरख्यातल्या होत्या, तात्यांच्या काकी होत्या. आणि रांगेच्या मध्यावर आमच्या घरातला पितळी तांब्या घेऊन इंदू होती.

आधी त्या बाजूच्या हलग्या थांबल्या. मग पायऱ्यांवरचा गलका थांबला. शेवटी फक्त दोन पैलवानांच्या धापा ऐकू येत होत्या. सगळं गाव आपापल्या पायांकडं पाहात होतं.

तात्यांनी कर्णा तोंडाशी नेला. नेहमी गरजणारा तो आवाज फाटला होता. “जोड बरोबरीत सुटली. उठा, मंडळी.”

“तात्या, अजून उजेड हाय की!” परगावचं कुणीतरी ओरडलं.

“उठा म्हणलं ना! आन् त्या अंगानं जावा. मागं वळून बघू नका.”

माणसं उठली. हजारो पायांचा आवाज आला, बोलण्याचा नाही. विजापूरच्या पैलवानाला काही कळेना. बाबूभाईंनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकून त्याला चालवत नेलं. तात्या कर्णा तिथंच टाकून गेले. मी टेबलावरचे कागद गोळा करत होतो, ते वाऱ्यानं उडत होते.

“माने,” अक्का म्हणाल्या, “तुमी बी जावा आता.”

त्या दिवशी घरी इंदू चूल पेटवत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, “पाणी देऊ?”

“तुम्ही सगळ्यांच्या शेवटी उठलात,” ती म्हणाली.

संडास पुढच्या पावसाळ्यानंतर झाले. तात्या मंजुरीसाठी सोलापूरला एवढ्या खेपा घालत होते, की कारकून त्यांना पाहून खुर्ची सोडून पळत. दारं लागली, टाकी बसली. टाकीत पाणी काही आलं नाही. कारंज्याचा नळ तोडून तिकडं न्यावा असा ठराव तात्यांनी मांडला, त्यावर चर्चा झाली. मानाची कुस्ती मात्र तात्यांनी नंतर कधी ऊन उतरेपर्यंत लांबू दिली नाही, उन्हातच सोडवायचे. अक्का पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. “सभंत काय हुत न्हाय, माने,” एवढंच म्हणाल्या. मी ते इतिवृत्तात कुठं लिहिणार होतो?

निवृत्त झाल्यावर गावाबाहेर जागा घेतली आणि घर बांधायला काढलं. गवंड्यानं विचारलं, सुरुवात कुठून करू, पुढची खोली की स्वयंपाकघर? मी मागचा कोपरा दाखवला. तो हसला. त्याला म्हटलं, हस बाबा, पण आधी तेच. बाकीच्या भिंती जोत्याच्या वर यायच्या आत संडास उभा राहिला. आत नळ, दाराला आतून कडी.

इंदूचे गुडघे तोवर गेले होते. भिंतीला धरून ती आत गेली, कडी लावली. मी बाहेर वाळूच्या ढिगावर बसलो. बराच वेळ झाला, ती येईना. मला काळजी वाटायला लागली. उठून दाराशी गेलो, हाक मारली.

“काय गं, बरं आहे ना?”

“बरी आहे,” ती आतून म्हणाली. “बसलेय जरा. कुणी येत नाही ना इथं.”

मी सरकून लांब जाऊन उभा राहिलो, तिकडं पाठ करून.